गोंदणाचा फोटो

लांबचा चंद्र जवळ आणणारा कॅमेरा लेकानं दिला, म्हणून मी चार पावलांवरची म्हातारीसुद्धा लांबूनच टिपायला गेले. असला शहाणपणा साठीच्या तरण्याताठ्या बाईलाच सुचतो. आता सत्तरी उलटली, तेवढी अक्कल उरली नाही.

ढोकीच्या एका दवाखान्यात मी जाऊबाईंच्या सोबतीला होते. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीजवळ तिची लेक बसलेली असायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. रोज ती आईचे केस विंचरायची आणि फणीत आलेला गुंता पदराच्या टोकाला बांधून ठेवायची.

माझ्या गळ्यातला कॅमेरा बघून एका संध्याकाळी ती म्हणाली, "मावशी, आईच्या हातावरल्या गोंदणाचा फोटो काढून देता का? हातासंगं तेबी जळून जाईल. पर लाईट मारू नका, तिला सोसंना."

मी ऐटीत दारापाशी उभी राहिले आणि झूम ताणला. झूम ताणला की अंधार वाढतो, हात हललेला दिसतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण त्या घरघरणाऱ्या छातीजवळ मला जायचं नव्हतं. सगळ्या फोटोंत नुसता काळपट धूर आला.

"उजेडच नाही गं इथं," मी म्हणाले.

तिनं तो धूर निरखून पाहिला. मग आईचा हात मांडीवर घेतला, गोंदण पदरानं पुसलं आणि सरकून मला खाटेवर जागा केली.

"जवळ या की मावशी. माझे भाऊबी दारातनंच बघून जायलेत."