बेकुच्या बक्षिसाचा फोटो

माझ्या प्रोफाइलवरचा मांजरीचा तो फोटो खोटा आहे.

पांढरी मांजर, बक्षिसाचं गुलाबी रिबिनीचं रोझेट आणि दात काढून हसणारी मी. खाली लिहिलंय, 'प्राउड कॅट मॉम'. तुम्ही सगळ्यांनी भरभरून लाइक दिले होते.

ती मांजर माझी नव्हती. अक्काची होती.

अक्का सोमवारी गेली.

अक्का म्हणजे माझी आत्या, अप्पांची थोरली बहीण. अप्पा अक्का म्हणायचे म्हणून आम्ही सगळेच तसं म्हणायचो. लग्नानंतर वर्षभरातच ती परत आली आणि हुबळीला आमच्या घरीच राहिली. आई-अप्पा दोघंही दिवसभर दुकानात. मला वाढवलं अक्कानं. वेण्या, डबे, तापातली जागरणं, सगळं तिचंच.

मांजरही तिनंच आणली. अमरगोळच्या मार्केट यार्डात मिरच्या घ्यायला गेली होती. तिथल्या एका बाईनं पोत्यातलं पिल्लू वर काढून विचारलं, "बेक्कु बेकेन्री?" म्हणजे, मांजर हवी का?

अक्का म्हणाली, "बेकु." हवी.

म्हणून मांजरीचं नाव बेकु.

कन्नड येणारे हसायचे. त्यांना ते 'बेक्कु'च वाटायचं. मांजरीचं नाव मांजर, आणि तेही चुकीच्या उच्चारानं! अक्का प्रत्येकाला न कंटाळता समजावायची, "मांजर न्हवं ओ. बेकु. मला हवी होती ही."

मी तेव्हा पुण्याहून शिकून नुकतीच परत आले होते. नवी नोकरी, नवा ग्रुप. घरातलं बरंच काही मला खटकायला लागलं होतं. अक्का आपल्याकडच्या बायकांसारखी "मी येतो, मी जातो" म्हणायची, आणि मी शहाणी चारचौघांत तिला सुधारायची.

मग गोकुळ रोडवरच्या एका हॉलमध्ये कॅट शो भरला. पहिल्यांदा भाग घेणाऱ्यांचा वेगळा गट होता. मांजर पर्शियन नसली तरी चालणार होती. ऑफिसमधले बरेच जण बघायला येणार होते, म्हणून मला हुरूप आला.

फॉर्म मी भरला. मालकाच्या रकान्यात माझं नाव. मांजरीचं नाव, बेला.

बेकु लिहायची मला लाज वाटली.

तयारी मात्र सगळी अक्कानं केली. रोज विंचरलं, कान पुसले, मांडीवर घेऊन एकेक नख कापलं. पिंजऱ्याला आतून पडदे लावतात असं कळल्यावर ठेवणीतला खण काढला आणि हातानं पडदे शिवले.

आदल्या दिवशी म्हणाली, "मी पण येतो. ती माझ्याबिगर भ्याल."

मी म्हटलं, "ये. पण जरा मागं उभी राहा हं."

हे मी म्हटलंय. स्वतःच्या तोंडानं.

शोच्या दिवशी जज आमच्या पिंजऱ्यापाशी आले. बेकु पडद्यामागं अंग चोरून बसलेली. ते म्हणाले, "नावानं बोलवा बघू."

"बेला! बेला, कम!"

तिनं कानसुद्धा हलवला नाही. ऑफिसची मंडळी बघत होती.

तेवढ्यात मागून आवाज आला. "बेकु, ए बाळा, ये की."

बेकु माझ्या हातावरून उडी मारून थेट अक्काच्या खांद्यावर.

जज हसायला लागले. त्यांना वाटलं, या बाईला मांजरीचं नावही माहीत नाही, नुसती 'मांजर, मांजर' करतेय. त्यांनी मला विचारलं, "या कोण?"

'माझी आत्या'. दोनच शब्द होते.

मी म्हणाले, "आमच्या घरी कामाला आहेत."

जज सहज तिच्याकडे वळले. "हौदेन्री?" खरं का हो?

अक्कानं माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग हात पदराला पुसत म्हणाली,

"हौद्री. ना इवर मन्याग केलसदाकी."

होय हो. मी यांच्या घरची कामवाली.

माझं खोटं उघडं पडू नये म्हणून तिनं ते स्वतः खरं करून टाकलं.

बक्षीस मिळालं. 'सर्वांत नीटनेटकी ठेवलेली मांजर'. ते कुणाच्या कष्टाचं होतं हे मला चांगलं माहीत होतं. तरी रोझेट मी घेतलं आणि फोन अक्काच्या हातात दिला.

तो फोटो तिनं काढलाय.

घरी येताना रिक्षात ती खुशीत होती. "नंबर आला बघ!" एवढंच म्हणाली. त्या प्रसंगाबद्दल ती कधी बोलली नाही आणि माफी मागायचा धीर मला झाला नाही. तिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पण त्यानंतर माझे मित्र-मैत्रिणी घरी आले की अक्का बाहेर येईनाशी झाली. चहाचा ट्रे दाराशी ठेवायची आणि आत जायची. कुणी "थँक यू मावशी" म्हटलं तर मान हलवायची.

मला दिसत होतं. सोयीचं होतं म्हणून मी गप्प बसले. चार वर्षं.

काल ऑफिसमधली एक मैत्रीण भेटायला आली. हार घातलेल्या फोटोकडे बघत राहिली. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "अगं, तुझी आत्या गेली ना? मग फोटो तुमच्या कामाच्या मावशींचा कसा?"

हळू बोलली, पण अप्पा शेजारीच बसले होते.

त्यांनी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "काय म्हणतीय ती?" एवढंच विचारलं.

मी उठून आत गेले. अप्पांना सगळं सांगितलं ते रात्री. ते अजून माझ्याशी बोललेले नाहीत.

त्या मैत्रिणीला आणि तुम्हा सगळ्यांना आज सांगते. हार घातलेल्या त्या फोटोतल्या बाई आमच्याकडे कामाला नव्हत्या. ती माझी आत्या. तिनं मला वाढवलं, आणि मला तिची लाज वाटली.

अक्का, हे त्या हॉलमध्ये, तुझ्यासमोर म्हणायचं होतं गं.

तुझ्या पायावर डोकं ठेवते. सुखानं जा.