उत्तराखाली राहिलेलं पत्र

दुर्गाघाटाच्या गल्लीत बकुळ पाटणकरचं नाव काढलं की लोक आधी तिचा राग सांगतात, मग तिचं काम. राग अगदी नाकाच्या शेंड्यावर, हे खरं. पण पोटापाण्यासाठी काशीतून पांगलेली तीनशे मराठी घरं तिनंच एकत्र धरून ठेवली. विद्यापीठाच्या संगणक विभागात असताना तिनं ‘काशीकर’ नावाची मेलिंग लिस्ट सुरू केली. एकानं पत्र लिहावं, ते सगळ्यांना पोचावं. कुणाचं लग्न, कुणाचं श्राद्ध, आमटीत गूळ किती, सगळं तिथं. बाई मात्र कडक. उत्तर देताना कुणी खाली मूळ पत्राचं शेपूट तसंच ठेवलं की सगळ्यांदेखत त्याचे कान उपटायची.

मागच्या वर्षी लिस्ट चालवणारी सेवा बंद पडणार असं कळलं. वीस वर्षांची अकरा हजार पत्रं एका अगडबंब फाइलीत हाती आली. सुरतेहून अंबिकाकाकूंचा फोन आला, "डाउनलोड झालं गं, पण खुलतच नाही. खुललं तर अक्षरांच्या जागी नुसते डब्बे दिसतात!" बकुळ आता निवृत्त होती. बसली कामाला. वर्षावार लावलं, विषयवार लावलं, प्रत्येक पत्राखाली त्याची उत्तरं आणली. एक बटण दाबलं की सगळं आपल्या घरी. काकूंनाही चाळता यावं इतकं सोपं केलं.

दुसऱ्याच दिवशी इंदूरहून भाचीचा, ऋताचा फोन.

"आत्या, बाबांचं नाव टाकलं तर एकही पत्र निघत नाही. काही गडबड झाली का? मला त्यांचं काहीतरी वाचायचं होतं गं."

बकुळचा भाऊ देवव्रत जाऊन तीन वर्षं झाली होती. "बघते," म्हणून तिनं फोन ठेवला. गडबड कसली, तिनंच तर पुसली होती ती पत्रं.

चौदा वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा तिनं देवव्रतला तीनदा फोन केला. त्यानं उचलला नाही. शेवटी मणिकर्णिकेवर अग्नी तिनंच दिला. दुसऱ्यांकडून कळून तो पोचला तेव्हा चिता निवली होती. तेराव्यानंतर त्यानं तीनशे घरांसमोर लिहिलं, ‘ताईनं मला मुद्दाम कळवलं नाही.’ आठवडाभर बकुळ धुमसली. मग एका दुपारी तिनं त्याचं नाव लिस्टमधून काढलं, त्याची सगळी पत्रं पुसली. त्याच सकाळी सगळ्यांना पोचलेलं नवं पत्रही, न उघडता. महिनाभर ती लिस्टकडे फिरकली नाही. पुढं दोघातिघांनी विषय काढला. "त्याचं नाव माझ्यासमोर नको," म्हटल्यावर तेही गप्प बसले. भावंडं पुन्हा बोलली नाहीत.

आता या पोरीला तिचा बाप कुठून आणून द्यायचा?

एकच जागा होती. ज्यांनी तिचं कधी ऐकलं नाही, त्यांच्या उत्तरांखालची शेपटं. बकुळ ती एकेक उघडत गेली. कुठं त्याच्या दोन ओळी, कुठं चार. ‘इंदूरचे पोहे चांगले, पण आपल्या कचौडीची सर नाही.’ वाचता वाचता तिला हसू आलं, लगेच रडूही.

मग वेणीमाधवकाकांचं उत्तर निघालं. काकांनी जन्मात शेपूट छाटलं नव्हतं. तारीख, तिनं पत्रं पुसली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. वर काकांची एक ओळ, ‘बकुळ, आता राग सोड.’ खाली देवव्रतचं अख्खं पत्र:

‘ताईची चूक नाही. तिचे तीन फोन आले होते. वाईट बातमी ऐकायची भीती वाटली, मीच उचलले नाहीत. चारचौघांत बोललो, म्हणून चारचौघांत माफी मागतो. ताई, एकदा फोन कर.’

तिनं ऋताला फोन लावला आणि पत्र वाचून दाखवलं.

"हे माहीत आहे मला," ऋता म्हणाली. "बाबा सांगायचे ना, माफी मागितली, ताईनं वाचलं, पण तिचं मन वळलं नाही. दवाखान्यात मी विचारलं, आत्याला फोन लावू? तर म्हणाले, तिला सगळं ठाऊक आहे, उगाच त्रास नको देऊस."

"ऋता, मी ते वाचलंच नव्हतं गं!"

पलीकडून बराच वेळ नुसते हुंदके येत राहिले.

संध्याकाळी तिनं ते पत्र त्याच्या तारखेला, त्याच्या नावावर परत ठेवलं. आणि तीनशे घरांना लिहिलं, ‘देवव्रतचं हे पत्र मी न वाचता पुसलं होतं. आज वाचलं. बकुळ.’