पहिला नंबर कुणाचा

ब्रेल पुस्तकांच्या छापखान्यात वहिनीला सगळेच वहिनी म्हणत. खरी नणंद मात्र एकच, आणि तीही शेजारच्याच टेबलावर. छपाईचा जुना कॉम्प्युटर वहिनीकडे, नवा नणंदेकडे. दोन्ही युनिक्स नावाच्या एकाच प्रणालीच्या कुळातले, पण चुलत घरांतले, आणि चुलत्यांचं कधी धड पटलंय का! नेटवर्कवरून दोघांना एकच सामाईक फोल्डर जोडला आणि कटकट सुरू झाली. वहिनीने जुन्यावर पान तयार करावं, नव्यावर दुरुस्त करायला जावं, तर तो म्हणे, ही फाइल तुमची नाही.

साहेबांनी सांगून टाकलं, "संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर जुना भंगारात." जुना गेला की वहिनीला तिथे काय काम?

"तुझा नवाच नखरेल आहे," वहिनी म्हणाली.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" नणंद फणकारली.

भांडून दमल्यावर दोघींनी खुर्च्या बदलल्या. नव्यावर वहिनीच्या फाइलचा मालक पाहिला, तर नाव नणंदेचं! तेव्हा कुठे वहिनीच्या डोक्यात प्रकाश पडला. हे दोघे कॉम्प्युटर एकमेकांना माणसाचं नाव कळवतच नव्हते, नुसता नंबर कळवत होते. जुन्यावर खाती उघडताना वहिनीने पहिला नंबर स्वतःला घेतला होता, दुसरा नणंदेला दिला होता. नव्यावर नणंदेनेही पहिला स्वतःलाच घेतला. आपापल्या घरी दोघी थोरल्या! वहिनीला हसू आवरेना.

पण साहेब यायची वेळ झाली होती. दोघी आपापल्या जागी धावल्या, खटाखट बटणं दाबली. वहिनीने जुन्यावर नवं पान तयार केलं आणि मोठ्या आशेने नव्यावर ती फाइल उघडली. ही फाइल तुमची नाही.

"असं कसं? मी माझा पहिला नंबर तुला दिला की!"

"अगं वहिनी, मी माझा तुला दिला ना!"

दोघींनी मोठेपणा सोडला आणि घोळ होता तिथेच राहिला. हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता तू हात लावू नकोस," म्हणत वहिनीने जुन्यावर आपला नंबर परत घेतला आणि पान पुन्हा तयार केलं. नव्यावर फाइल निमूटपणे उघडली. साहेबांनी पान छापून घेतलं, उठावाच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "राहू दे जुना."

वहिनी आनंदाने वळली, तर नणंद हुंदके देत होती. सकाळपासून तिचा डबा तसाच पडून होता.

"तू गेली असतीस तर मी इथे एकटी काय करणार होते गं?"

"वेडी कुठली," वहिनी म्हणाली, आणि तिने डबा उघडून पहिला घास तिला भरवला.