बाबांची सही

जपानी नागरिकत्वासाठी अर्ज केला तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. परीक्षेला घाबरण्याचं वय गेलं, असं वाटत होतं. कसलं काय. अर्ज तिघांचा, पण मुख्य अर्जदार मी. नवऱ्याची नोकरी कंत्राटी. मुलगी इथल्याच कोतो वॉर्डात जन्मलेली, नऊ वर्षांची. मी मराठीत ओरडले तरी उत्तर जपानीत देणार. उद्या गाशा गुंडाळायची वेळ आली तर ह्या पोरीचं पुण्यात काय होणार, ह्या धास्तीने मी ऑनलाइन सापडेल ते गोळा करत सुटले.

एका व्हिडिओत सांगितलं होतं की अधिकारी शेजाऱ्यांकडे तुमच्या कचऱ्याचीही चौकशी करतात. झालं, मी कचऱ्यात टाकायच्या बाटल्या दोनदोनदा विसळायला लागले, लेबलं नखाने खरवडायला लागले. नवरा म्हणाला, "पावडर पण लाव त्यांना." दोन दिवस मी त्याच्याशी धड बोलले नाही.

लेखी परीक्षा तिसरीच्या पातळीची असते म्हणे, म्हणून लेकीचीच पुस्तकं घेतली. खरी भीती मुलाखतीची. पास झालेल्या एका गृहस्थाने आपली सगळी उत्तरं इंटरनेटवर टाकली होती. मी त्यातली गावं आणि नावं बदलली, फोनकडून ती मोठ्याने वाचून घेतली आणि ते रेकॉर्डिंग रोज ट्रेनमध्ये कानात घालून ऐकत राहिले. महिन्याभराने लक्षात आलं की त्याचे वडील वारलेत आणि आई गावी असते. माझं नेमकं उलटं. आई सहा वर्षांपूर्वी गेली, बाबा पुण्यात. कागदावर दुरुस्ती केली, रेकॉर्डिंग मात्र तेच ठेवलं. आळस, दुसरं काय.

अर्जाला, कुटुंबात कोण कोण आहे ते सांगणारं बाबांच्या सहीचं निवेदन लागत होतं. त्यांचा हात थरथरतो. आठवडाभर ते पेपरच्या कडेला सही गिरवत होते आणि मला फोन करून सांगत होते, "आज बरी आलीय गं."

मुलाखतीचे अधिकारी माझ्याच वयाचे, फार अदबीने बोलणारे. लेखी बरी गेली होती. मग त्यांनी विचारलं, माहेरी कोण कोण असतं? आणि माझ्या तोंडून त्या गृहस्थाचं उत्तर घडाघडा बाहेर पडलं. वडील वारले, आई गावी असते. इतकं शुद्ध जपानी मी जन्मात बोलले नसेन.

पानं उलटून त्यांनी एक कागद माझ्यासमोर ठेवला. खाली ती वाकडीतिकडी सही.

"हा तुमच्या वडिलांनीच पाठवलाय ना?"

खोटं बोलणारी बाई, अर्ज रद्द, तिघांचाही, लेकीला काय सांगू, एवढंच डोक्यात. "आहेत," मी म्हटलं, "ते आहेत. आई नाहीये." आणि तिथेच रडायला लागले. मोडक्यातोडक्या जपानीत इंटरनेट, रेकॉर्डिंग, सगळं कबूल केलं. ऐकून घेऊन त्यांनी विचारलं, "वडील दिवसभर काय करतात?" ह्याचं उत्तर कुठेच पाठ केलेलं नव्हतं. दूध आणतात, शब्दकोडं सोडवतात, सही गिरवतात, असं काहीबाही सांगत गेले. ते लिहीत राहिले. काय लिहिलं ते मला ठाऊक नाही. निकाल अजून आलेला नाही आणि अनोळखी नंबरावरून फोन आला की पहिल्या रिंगलाच उचलते.

बाहेर पडून स्टेशनवर पोचते तोच बाबांचा फोन. सकाळपासून वाट बघत बसले होते.

"सही चालली का गं?"

"चालली, बाबा."

"माझ्याबद्दल काही विचारलं का?"

"विचारलं."

"मग काय सांगितलंस?"

"तुम्ही आहात, असं सांगितलं."

"हात्तिच्या, एवढंच?" बाबा म्हणाले, आणि जेवलीस का ते विचारू लागले.