वंशावळीतली पहिली चौकट

घराण्याच्या मेळाव्यासाठी अकोल्याच्या चुलतभावाने वंशावळ तयार केली, तेव्हा तीत सगळे पुरुषच निघाले. सात पिढ्या पुरुषांनीच पुरुषांना जन्म दिला, असं तो कागद पाहून कुणालाही वाटावं. मी तसं बोलून दाखवलं. तो म्हणाला, "ताई, खापरपणजीचं नाव आन, सगळ्यात वरची चौकट तिची. पन फ्लेक्स रविवारी छापायले जाते."

मला राग आला तो खापरपणजीसाठी. नवरा गेल्यावर ती तेल्हाऱ्याकडून पोर कडेवर घेऊन दर्यापूरजवळ आली आणि बाभळी तोडून तिने रान वहितीला आणलं. त्याच काळ्या मातीच्या जोरावर आमचे पुरुष अजून मिशांना पीळ देतात. तिचं नाव मात्र एकालाही सांगता येईना.

चार दिवस मी कचेऱ्या पालथ्या घातल्या. अमरावतीत कागद मिळाला नाही, चहा मिळाला. अकोल्यात एक जीर्ण उतारा सापडला. मोडी वाचणाऱ्या गृहस्थांनी चष्मा पुसून तो वाचून दाखवला. जमीन त्या कडेवरच्या पोराच्या नावावर, आणि पुढे 'अज्ञान', म्हणजे वयात न आलेला, 'पालनकर्ती आई' एवढंच. बाभळी तोडणारी बाई सरकारदरबारी नुसती आई.

शनिवारी हात हलवत दर्यापूरला आत्याकडे गेले. वय अठ्ठ्याऐंशी, ओट्यावर बसून तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती.

"कायले वणवण फिरून राहिली?" तिने विचारलं. मी सगळं सांगितलं. मान वर न करता ती म्हणाली, "तिचंच नाव मले ठेवलं होतं पाळन्यात."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. कडेवरचं ते पोर म्हणजे आत्याचे आजोबा. त्यांनी हौसेने आपल्या आईचं नाव नातीला ठेवलं आणि त्याच दिवशी फर्मान काढलं: पोरीला या नावाने हाक मारायची नाही, उद्या कुणी तिला रागावलं तर ते माझ्या आईला लागेल. आमच्याकडे ही रीतच आहे, नाव ठेवायचं आणि त्याला कुलूप घालायचं. माहेरी ती हाकेला नुसती 'बाई' राहिली. लग्नात नवीन नाव मिळालं.

"मंग इतकी वर्षं सांगितलं काहून नाही?" मीही तिच्याच बोलीवर आले.

"इचारलं कोनं?"

तिने नाव सांगितलं. मी तिथूनच भावाला फोन करून लिहून घ्यायला लावलं. पर्स उचलली, तर आत्याने मनगट धरलं.

"पोरी, त्या नावानं मले जल्मात कोनी हाक नाही मारली. तू एक डाव मार."

मोठ्यांना नावाने हाक मारायची म्हणजे जीभच रेटेना. शेवटी कशीबशी मारली.

"ओ," ती म्हणाली. डोळे भरले होते तिचे, माझेही. मग तिने ओली शेंग सुपात टाकली, पदराने नाक पुसलं आणि कान पुढे केला.

"पुन्यांदा मार. जरा जोरानं, मले कमी आयकू येते."