लोटूची होडी सुटली

बमरोलीत कापड विणणाऱ्या लूमची मोटर जळाली की मालक आधी लोटूला फोन करायचा. अमळनेरकडून तो सुरतेला आला त्याला बावीस वर्षं झाली. तेवढ्या काळात त्याने इतक्या मोटरींना नवी तार भरली होती, की नुसता वास घेऊन तो रोग सांगायचा. भीती फक्त एकाच गोष्टीची. पाणी! आंघोळीलाही बादली अर्धीच भरून घ्यायचा.

आणि नेमकं त्यालाच मगदल्ल्याच्या छिबूभाईने गाठलं. छिबूभाई तापीत मासे धरणारा. त्याच्या होडीमागचं इंजिन बटण दाबलं की नुसतं ‘टक्’ करायचं आणि गप्प. एका मेकॅनिकने दोनदा बॅटरी बदलली होती, छिबूभाईने दोनदा नारळ फोडला होता.

“लोटूभाई, मोटर एटले मोटर. लूमनी होय के होडीनी!” छिबूभाई म्हणाला.

लोटू नाही म्हणणार, तोच त्याची बायको शोभाबाई म्हणाली, “चला ना. रविवार शे. तेवढीच नदीची हवा.”

काठावर पोचल्यावर होडीत चढायचा प्रश्न आला. छिबूभाईने शेवटी लोटूला पाठीवर घेतलं. शोभाबाईने तोंडाला पदर लावला.

होडीत बसल्यावर मात्र लोटूचे हात सावरले. त्याने मीटर लावलं. बॅटरी ठणठणीत. छिबूभाईला बटण दाबायला सांगून त्याने स्टार्टरपाशी मोजलं, तर तिथे जेमतेम चार व्होल्ट. म्हणजे करंट निघतोय, पण वाटेत कुठेतरी अडतोय. तो तारेवर बोट फिरवत मागे गेला. अर्थिंगची तार वरून नवरीसारखी नटलेली. नट सोडला, तर खाली हिरवट-पांढरं मीठ साचलेलं.

“बॅटरीनं काय घोडं मारलं होतं?” म्हणत त्याने पॉलिश पेपर काढला, तांबं चकचकीत केलं, नट आवळला.

इंजिनाचा पंखा नीट बुडावा म्हणून छिबूभाईने दोर सोडून होडी पुढे ढकलली आणि कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून धरली. लोटूने हत्यारांची पिशवी जवळच्या दांडीला अडकवली आणि बटण दाबलं.

इंजिन पहिल्याच दमात गरजलं. ती दांडी गियरची होती. पिशवीच्या वजनाने ती खाली गेली होती. होडी छिबूभाईच्या हातातून निसटली आणि लोटूला घेऊन निघाली.

“आवो, कथा चालनात?” काठावरून शोभाबाई ओरडली.

कुठे चाललोय ते लोटूला माहीत असतं तर त्याने सांगितलं असतं. त्याने डोळे मिटले, बावीस वर्षांची विद्या आठवली आणि बॅटरीची तार उपटली. लूमची मोटर तार काढली की मरते. हे इंजिन स्वतःची वीज स्वतः बनवणारं. ते चालूच राहिलं. लोटू हातातल्या तारेकडे बघत राहिला.

“पेली लाल दोरी खेंचो!” छिबूभाई पाण्यातून बोंबलत होता.

लाल दोरी? इंजिनाला लटकलेली ती दोरी लोटूला नवसाची वाटली होती. त्याने मघाशी तिला नमस्कारही केला होता. आता त्याने ती हिसकली. इंजिन थांबलं, पण होडी तोवर गाळात जाऊन रुतली होती.

“जेवाले येशात का नही?” शोभाबाईचा आवाज आला.

छिबूभाई गाळ तुडवत पोचला, तेव्हा लोटू घाबरलेला नव्हता, चिडलेला होता. गियरमध्ये असताना इंजिन सुरूच कसं झालं? त्याने झाकण काढलं. इंजिन गियरमध्ये असेल तर बटण बंद ठेवणारा एक स्विच असतो. त्याच्या दोन्ही तारा कुणीतरी पिळून सरळ एकमेकींना जोडल्या होत्या.

“तोच बॅटरीवाला,” छिबूभाई ओशाळून म्हणाला.

भरती यायला तीन तास होते. तेवढ्यात लोटूने स्विच खोलून साफ केला, तारा परत जागेवर लावल्या, उपटलेली बॅटरीची तारही जोडली, मग दांडी मुद्दाम गियरमध्ये टाकून दहा वेळा बटण दाबून बघितलं. इंजिन हूं की चूं नाही. त्या शांततेने त्याला फार बरं वाटलं.

नंतर मगदल्ल्याची आणखी चार इंजिनं त्याच्याकडे आली. “खोलून बमरोलीत आणा,” ही त्याची एकच अट. शोभाबाई मात्र पुढच्याच रविवारी छिबूभाईच्या होडीतून लांबवर फिरून आली. लोटू काठावर तिच्या चपला सांभाळत, पाण्यापासून बारा पावलं मागे बसून होता.