खचलेली भिंत आणि आबाजीचा चुना

पोशीरच्या तळ्याची भिंत खचली, तेव्हा ती बांधणारा आबाजी गवंडी वारून वर्ष झालं होतं. त्यानं चुना चोरून माती भरली, असं गाव उघड बोलू लागलं. त्याची बायको चंद्राबाई हे रोज ऐकत होती. तो चुना तिनंच तर दगडी चाकाच्या घाण्यावर बैल हाकून दळला होता.

मुंबईहून तपासणीला साहेब आले. त्यांनी भिंतीतला चुना खरवडून तोलला आणि काचेच्या भांड्यात त्यावर तेजाब ओतलं. चुना फसफसून विरघळला, तळाशी नुसती वाळू राहिली. दुसऱ्या दिवशी ती वाळवून तोलल्यावर साहेब म्हणाले, "वजन घटलं तेवढा चुना. तो पुरेपूर घातलाय. माती अजिबात नाही. भिंतीच्या पायाशी खेकड्यांची बिळं आहेत. त्यांनी खालची जमीन पोखरली, म्हणून भिंत खचली."

चंद्राबाईनं घाबरत विचारलं, "म्हंजे आमच्या मानसानं चोरी नाय केली?"

"नाही, बाई."

ती पोटभर रडली. गावचे पाटील खाली मान घालून म्हणाले, "वयनी, आमचं चुकलं. नव्या भिंतीचा चुना तुमीच दळा."

पदरानं डोळे पुसता पुसता तिला हसू फुटलं. "दळीन की. पन आदी ते खेकडे धरा!"